मरळ परकी नाही, तिला मारू नका

पहिले पाऊस पडले की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. चिखलात वळवळणारा, सापासारख्या डोक्याचा मासा. खाली मजकूर : ‘विदेशी राक्षसी मासा. जमिनीवर चालतो, विषारी आहे, नदीतले मासे संपवतो. दिसताच ठार मारा.’

विदेशी कसला? ही आपली मरळ. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९३ साली तिचं शास्त्रीय नामकरण केलं तेच मुळी भारतातल्या माशावरून. ‘ठार मारा’ हा आदेश मात्र खरा आहे, पण तो अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, २०१९चा. तिथल्या एका तळ्यात मरळीची चीनकडची भाऊबंद जात सापडली होती. ती तिथे परकी, म्हणून मारायची. आपण तोच हुकूम घरच्या माशावर बजावतोय.

जमिनीवर चालते म्हणे. पाय कुठे आहेत तिला? कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची खास पोकळी असते, म्हणून तळी आटली की ओल्या जमिनीवरून सरपटत ती दुसरं पाणी गाठते. उलट पाण्याखाली अडकवून ठेवली, वर येऊन श्वास घेऊ दिला नाही, तर गुदमरून मरते.

विषारी तर मुळीच नाही. तेलंगणाचा ती राज्यमासा आहे. अंगावर कधी लाल व्रण दिसतात, तो माशांना बुरशीसारख्या जिवामुळे होणारा रोग. असा मासा खाऊ नये, पण व्रण म्हणजे विष नव्हे.

छोटे मासे, बेडूक ती खाते, हे खरं. पण आपल्या व्हाळांत नि शेतांत ते सगळे तिच्यासोबतच नांदत आले. बाहेरून आले ते तिलापिया आणि आफ्रिकन मागूर हे मासे. तिलापिया १९५२मध्ये मुद्दाम भारतात आणला. त्यांच्याबद्दल या मजकुरात अक्षर नाही.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. भाताच्या भरलेल्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, मेरेवर स्तब्ध उभं राहून बघा. एका जागी पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसतं. तो पिल्लांचा झुंबका, शेंदरी, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं. सगळी हवेसाठी वर येतात नि पुन्हा बुडतात. त्यांच्या खाली गढूळ पाण्यात एक काळी सावली थांबलेली असते. बेडूक जवळ आला की ती उसळते. पिल्लं मोठी होईपर्यंत आईबाप असा पहारा देतात, आणि पहाऱ्यावर असताना माणसाची चाहूल लागली तरी जागा सोडत नाहीत. व्हिडिओ बघून कोयता घेऊन निघालेल्याच्या हाती सगळ्यात आधी लागतात ते हेच.