डनेडिनचा अभ्यास आणि माळावरची पालं

बेळगाव-खानापूरकडे कुठे दरोडा पडला किंवा खून झाला, की गावाकडच्या मंडळींची चर्चा फार लवकर एका वाक्यावर येऊन थांबते : ‘त्यांच्या रक्तातच आहे ते.’ रोख बहुधा माळावर पालं ठोकून राहणाऱ्या पारध्यांवर किंवा कंजारभाटांवर असतो. मी न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात राहतो. हिंसा आणि आनुवंशिकता यांविषयीचा एक अतिशय गाजलेला अभ्यास इथलाच असल्यामुळे, तो काय सांगतो हे आपल्या माणसांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

१९७२-७३ मध्ये येथे जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा संशोधक अजूनही घेत आहेत. मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणारे ‘एमएओए’ हे जनुक काहींमध्ये कमी सक्रिय असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, असे जनुक असलेले आणि लहानपणी मारहाण व हेळसांडही सोसलेले मुलगे अवघे १२ टक्के होते; मात्र हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या वाट्याला आल्या. तेच जनुक असूनही ज्यांचे बालपण सुरक्षित गेले, ते इतरांहून अधिक हिंसक निघाले नाहीत. पुढच्या सर्वच अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवे. जनुकांचा वाटा मी नाकारत नाही; १९९३ मध्ये एका डच कुटुंबात हेच जनुक पूर्ण निकामी झालेले पुरुष आक्रमक असल्याचे आढळले होते. पण तो अत्यंत दुर्मिळ दोष एका कुटुंबाचा होता, जमातीचा नव्हे.

जमातीवर उडी मारण्याची चूक इथेही झाली. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी पुरुषांत कमी सक्रिय जनुकाचे प्रमाण जास्त असल्याचे २००६ मध्ये जाहीर होताच, त्यांच्या हिंसेचे कारण सापडल्याचा गाजावाजा झाला. चिनी पुरुषांत हे प्रमाण त्याहूनही जास्त आढळले आहे, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही.

आपल्याकडे हीच समजूत कायदा होऊन बसली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये विस्तारला आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगावलाही लागू झाला; त्यामुळे जन्माने एखाद्या जमातीचा असणे हेच पोलिसांकडे नोंदणी आणि हजेरी लावण्यास पुरेसे ठरू लागले. १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या, तरी माझ्या लहानपणी गावात घरफोडी झाली, की पंचनामा पुरा होण्याआधीच पोलिसांची गाडी माळावर पोहोचत असे. पालातील भांडी बाहेर फेकली जात, बापाला मुलांदेखत मारत नेले जाई, आणि चार दिवसांनी तो परतला तरी ती मुले शाळेकडे फिरकत नसत.

डनेडिनच्या संशोधकांनी ज्याला घातक बालपण म्हटले, त्यातला एक हिस्सा आपण सरकारी गाडीतून पालावर पोहोचवत होतो. सीमाभागात शाळेची भाषा मराठी असावी की कन्नड, यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, आणि मराठी शाळांसाठी मी आजही भांडेन. पण माळावरच्या मुलांना कोणतीच शाळा मिळाली नाही, याबद्दल एकही मोर्चा मला आठवत नाही. पुढच्या घरफोडीनंतर रक्ताची चर्चा निघेल, तेव्हा त्या पालांवरची किती मुले अंगणवाडीच्या पटावर आहेत, हे आधी कोणीतरी मोजून यावे.