हस्त नक्षत्र असलं तरी महिना चैत्रच!

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की "चैत्र पौर्णिमेचा चंद्र चित्रेपाशी असतो म्हणून तो चैत्र" ही माझी थाप आहे, कारण तुम्ही पंचांग उघडलंत तर हनुमान जयंतीला चक्क हस्त निघालं. शिवाय अमेरिकेत पौर्णिमांना वुल्फ मून, स्ट्रॉबेरी मून अशी झकास नावं आणि आपण नुसतं महिन्याचं नाव चिकटवून मोकळे, आपल्याकडे कल्पनाशक्तीचा दुष्काळ.

आधी हस्ताचं बघू. बारा चांद्रमहिने म्हणजे साधारण 354 दिवस, त्यामुळे पुढच्या वर्षीची पौर्णिमा 11 दिवस अलीकडे येते आणि चंद्रही ताऱ्यांमध्ये जवळपास 11 अंश मागे सापडतो. एक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, म्हणजे सरकत सरकत तो कधी स्वातीत, कधी चित्रेत, कधी हस्तात असणारच, आणि फारच मागे गेला की अधिक महिना येऊन त्याला पुढे ढकलतो. महिन्याला नाव मिळालं ते मधल्या नक्षत्राचं, एवढंच. तुम्ही नेमकं कडेचं वर्ष उघडलंत.

पंचांग राहू दे, गच्चीवर जाऊन बघा ना. चैत्रातल्या पौर्णिमेला चंद्राच्या आसपास जो ठळक निळसर-पांढरा तारा असतो ती चित्रा, चंद्राच्या उजेडातही दिसते. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला मात्र कृत्तिका पार धुऊन निघतात, तिथे दुर्बीण लागते. आणि कल्पनाशक्ती म्हणाल तर दक्षाच्या 27 मुली, म्हणजे ही नक्षत्रंच, चंद्राला दिल्या, रोज एकीच्या घरी मुक्काम, हा रोहिणीकडेच रमला म्हणून सासऱ्याने शाप दिला आणि क्षय लागला... आकाशाचा एवढा मसालेदार नकाशा अजून कुठला हवा?

अमेरिकन नावं मलाही आवडतात हो. पण ती तिथल्या आदिवासींकडची म्हणून अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका शेतकी पंचांगाने 1930च्या दशकात छापायला घेतली आणि तीच यादी सगळीकडे फिरली, जमातीजमातीत नावं वेगळी होती ते मागेच राहिलं. जमिनीवरचं बघून पुनवेला नाव देणं आपल्याकडेही आहेच की. श्रावणातली कोळ्यांची नारळी, ज्येष्ठातली वटपौर्णिमा, पौषातली शाकंभरी. कोजागरीलाच कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात, नव्या भाताची लोंबी आंब्याच्या पानासोबत दाराला बांधतात, आता हे स्ट्रॉबेरीपेक्षा कमी कसं?

आणि "सुपरमून हे तरी शास्त्रीय नाव आहे" असं जे लिहिलंय, तर पृथ्वीच्या जवळ आलेल्या पौर्णिमेच्या चंद्रासाठी तो शब्द 1979 मध्ये रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिषाने काढला. ज्योतिषी म्हणजे भविष्य सांगणारा, खगोलवाला नव्हे. नासावाले नंतर वापरायला लागले. पंचांगाला नावं ठेवून सुपरमून डोक्यावर घेताय, गंमत आहे.

राहिला चांदोमामा. चंद्र मामाच का, काका का नाही, तर समुद्रमंथनातून लक्ष्मीही आली आणि चंद्रही, लक्ष्मी आई म्हणून तिचा भाऊ तो मामा, असं सांगतात. मला विचाराल तर ही गोष्ट मागाहून जुळवलेली वाटते. लाड करणारा, लांब राहणारा आणि हट्ट पुरवेल अशी आशा असणारा माणूस मराठी घरात मामाच असतो, काका गृहपाठ विचारतो.