ओट्याचं ग्रॅनाइट अन् मिस्त्रीचं "निघालोच"

दुकानात "ताई, गॅलक्सी आहे, थेट आंध्रातल्या चिमाकुर्तीचा" म्हणून सोनेरी ठिपक्यांची फरशी दाखवली अन् घरी आली ती नुसती काळीकुट्ट, ठिपके शोधायला मोबाईलची बॅटरी लावावी लागली, थिनरच्या बोळ्यानं पुसलं तर बोळाच काळा! म्हणजे रंग मारलेला दगड. सासूबाई म्हणतात कडप्पाच बरा होता, पण तो पडला चुनखडीचा, लिंबू सांडलं की डाग.

बिलाचं तर विचारूच नका. सिंकसाठी कापलेलं भोक बी स्क्वेअर फुटात धरलं, कटिंगचे वेगळे, मोल्डिंगचे रनिंग फुटावर अजून वेगळे. जो दगड घरात नाहीच त्याचे पैसे का द्यायचे? तो तुकडा तरी द्या म्हणलं पोळपाटाला, तर तो गायब.

अन् ढाळ! सिंककडं पाहिजे, मिस्त्रीनं दिला भिंतीकडं. सगळं पाणी शेगडीखाली जाऊन बसू लालंय, आमचं बोरचं खारं पाणी, वाळलं की काळ्यावर पांढरी रांगोळी, दिवसातून चारदा पुसा. फोन केला की, "निघालोच ताई, औशाच्या पुढं हाय." औसा ते लातूर वीसेक किलोमीटर. मंगळवारपासून औशाच्याच पुढं हाय तो.