पहिला टाका कोणावर?

शस्त्रक्रियेचे कौशल्य शिकवण्यासाठी हुबेहूब मानवी शरीरासारख्या मॅनिकिनवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी खर्च करावा का, यावर खानदेशातील माझ्या डॉक्टर मित्रांमध्ये वाद चालू आहे. एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ मध्ये आला आणि त्याबरोबर स्किल लॅब, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी कौशल्यांचा सराव करण्याची प्रयोगशाळाही आली. धुळ्यापाठोपाठ जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हा प्रश्न आता आपल्या तिन्ही जिल्ह्यांचा आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की रुग्णांची एवढी रीघ असताना हात बसायला रबराचा माणूस कशाला हवा?

इंग्लंडमध्ये शल्यविभागात काम करताना या म्हणण्यातील खरा भाग मला दिसतो. येथे शिकाऊ डॉक्टरांचा कामाचा आठवडा २००९ पासून सरासरी ४८ तासांवर आला, शस्त्रक्रियागृहातला अनुभव त्या प्रमाणात घटला, आणि ती उणीव काही अंशी मॅनिकिन भरून काढतात. धुळ्यात इंटर्नशिप केलेल्या मुलीने जेवढी बाळंतपणे स्वतः केलेली असतात, तेवढी येथील विद्यार्थ्याने अनेकदा पाहिलेलीही नसतात. शिवाय सिलिकॉनच्या कातडीवर टाका घालताना जखम रक्ताने भरून दिसेनाशी होत नाही आणि भूल पुरेशी न चढलेला माणूस वेदनेने हात मागे घेत नाही.

तरीही मी विरोधकांच्या बाजूने नाही. ही रीघ कोणाची असते, हे आपण सगळे जाणतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेली, डॉक्टरांना उलट प्रश्न न विचारणारी बाई त्या रांगेत असते, आणि नवशिक्याचा पहिला टाका तिच्याच वाट्याला येतो. पैसे मोजणाऱ्या रुग्णावर तो सहसा पडत नाही. गरिबाचे शरीर म्हणजे सरावाची वही नव्हे. इंग्लंडमध्ये विद्यार्थी आधी कृत्रिम कातडीवर टाके घालतो, शिक्षक ते तपासतो, आणि मगच रुग्णाची संमती घेऊन, वरिष्ठाच्या देखरेखीखाली त्याला हात लावू दिला जातो. हा क्रम आपल्याकडे यावा, एवढाच माझा आग्रह आहे.

तो विचार आपल्याला परका नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सरावाचाच आहे: कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा, मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर टोचण्याचा, जाड कापडावर शिवण्याचा आणि माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर पट्ट्या बांधण्याचा सराव करावा, असे तेथे सांगितले आहे. अठराव्या शतकात मादाम द्यु कुद्रे या सुईणीनेही कापडाची प्रसूतिप्रतिकृती घेऊन फ्रान्सभर सुईणींना शिकवले. दोघांनीही हाताशी असलेलेच साहित्य वापरले.

म्हणूनच सर्वांत महागड्या मॅनिकिनचा हट्टही मला पटत नाही. पाणी, तंतू आणि क्षार यांपासून बनवलेला कृत्रिम देह पाण्यात बुडवून जपावा लागतो. भुसावळच्या उन्हाळ्यात, टंचाईच्या दिवसांत ते कोण सांभाळणार? अमेरिकेत शल्यचिकित्सकांना प्रमाणपत्रासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची जी कौशल्यपरीक्षा द्यावी लागते, ती एका साध्या पेटीत होते: खुंट्या उचलून ठेवणे, जाळीदार कापड गोल कापणे, गाठ मारणे. कॅमेरा बसवलेली तशी पेटी आपल्याकडे स्थानिक कारागीरही बनवू शकेल. टाक्यांच्या सरावासाठी रावेर-यावलची केळी आहेत, आतडे जोडायला शिकण्यासाठी खाटकाकडून आणलेले आतडे आहे.

खरा खर्च शिक्षकाच्या वेळाचा आहे, आणि तो कोणत्याच खरेदीच्या निविदेत येत नाही. नंदुरबारसाठी काही मागायचेच असेल, तर दरमहा सुया, धागे आणि बदलायच्या कातड्या यांची तरतूद मागावी, ओपीडी संपल्यावर लॅब उघडी ठेवणारा कर्मचारी मागावा, आणि आठवड्यातून एक दुपार शल्यविभागाच्या एका प्राध्यापकाला इतर सर्व कामांतून मोकळे करण्याचा लेखी आदेश मागावा.