शेलच्या बिल्टइन कमांड: फिरणाऱ्या पाच वाक्यांना उत्तर

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम. काही कमांड त्याच्या आतच असतात, त्या बिल्टइन. बाकीच्या म्हणजे डिस्कवरचे वेगळे प्रोग्रॅम. लिनक्स शिकणाऱ्यांमध्ये बिल्टइनबद्दल एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: "शेलच्या बिल्टइन कमांड म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमच्याच वेगवान प्रती. म्हणून स्क्रिप्टमध्ये जमेल तिथे बिल्टइनच वापरा. ऑक, सेड काढून टाका, त्यांच्या जागी रीडचा लूप लिहा. इको सगळीकडे सारखाच चालतो. कमांड बिल्टइन आहे की नाही हे विच सांगतं." (ऑक आणि सेड हे मजकुरावर काम करणारे बाहेरचे प्रोग्रॅम, रीड एकेक ओळ वाचते, इको मजकूर छापतो, विच कमांडचा पत्ता सांगतं.) मी रोज बॅश या शेलमध्ये काम करते, नव्या मुलामुलींच्या स्क्रिप्ट तपासते, आणि या पाच वाक्यांनी केलेला घोळ निस्तरते. म्हणून एकेक वाक्य घेते.

"वेगवान प्रती." डिरेक्टरी बदलणारी सीडी कोणाची प्रत आहे? आपण आत्ता कोणत्या डिरेक्टरीत आहोत ही नोंद कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रत्येक प्रोसेससाठी, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी, वेगळी ठेवतं. शेलने बाहेरचा प्रोग्रॅम चालवला की त्यासाठी नवी प्रोसेस जन्माला येते, आणि पोराला आईची डिरेक्टरी बदलता येत नाही. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-7 या संगणकावर लिनक्सचं मूळ असलेलं युनिक्स आकार घेत होतं, तेव्हा हा धडा तिथल्या लोकांना ठेच लागूनच मिळाला. डिरेक्टरी बदलणारी कमांड तोवर बाहेरचा साधा प्रोग्रॅम होती आणि व्यवस्थित चालत होती, कारण टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची. फोर्क, म्हणजे एका प्रोसेसमधून नवी प्रोसेस काढायची सोय, आलं आणि ती कमांड बंद पडल्यासारखी झाली. ती डिरेक्टरी बदलत होती, पण स्वतःच्या प्रोसेसची, आणि ती प्रोसेस लगेच संपत होती. शेवटी ती शेलच्या पोटात घ्यावी लागली. ही हकीकत युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनीच लिहून ठेवली आहे. यात वेगाचा प्रश्न कुठेच नव्हता.

एक्स्पोर्ट, युमास्क, एक्झिट, ट्रॅप, रीड यांचंही तेच. त्यांना शेलच्या स्वतःच्या आतलं काहीतरी बदलायचं असतं, म्हणून त्या आतच असाव्या लागतात. मॅकवर सीडी नावाची फाइलही सापडते, पण ती पॉझिक्स या मानकाची अट भागवण्यापुरती. चालवली तर स्वतःची डिरेक्टरी बदलते आणि संपते, तुम्ही होता तिथेच राहता. हे एकदा कळलं की बाकीची कोडी आपोआप सुटतात. लिनक्सवर 'सुडो सीडी' लिहिल्यावर अशी कमांडच सापडत नाही असं उत्तर का येतं? सुडो शेल नाही, तो डिस्कवरचा प्रोग्रॅम शोधून वरच्या अधिकाराने चालवतो. दुसऱ्या कमांड चालवू शकणारे फाइंड आणि एक्सआर्ग्ज यांनाही तुमच्या शेलच्या बिल्टइन दिसत नाहीत, ते याच कारणाने. एखादी कमांड बिल्टइन आहे म्हटल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे काम कोणाच्या प्रोसेसमध्ये होणार आहे?

"जमेल तिथे बिल्टइनच." यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. नवी प्रोसेस काढायची, तिच्यात प्रोग्रॅम चढवायचा, तो संपायची वाट बघायची, याला एखाद मिलिसेकंद लागतो. एकदाच असेल तर कळतही नाही. एक लाख वेळा केलं की मिनिटं जातात, बिल्टइनने तेच काही सेकंदांत उरकतं. लूपमध्ये प्रत्येक फाइलसाठी पत्त्यातून नाव काढणारा बेसनेम बोलावण्यापेक्षा व्हेरिएबलमधूनच नाव कापून घ्यावं, हे मीही सांगते. पण लोक काय करतात? इको बिल्टइन आहे म्हणून खुशाल 'डॉलर आणि कंस' यांच्यात घालून त्याचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतात. बॅश त्या कंसासाठी फोर्क करतोच, आत बिल्टइन असली तरी. वाचवायला गेलात तो खर्च झालाच. तिथे प्रिंटएफ या छापणाऱ्या बिल्टइनला 'वजा व्ही' देऊन उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये घ्यावं. 2025 मध्ये आलेल्या बॅश 5.3 मध्ये फोर्क न करता उत्तर घेण्याची महिरपी कंसाची नवी रीतही आहे.

"ऑकच्या जागी रीडचा लूप." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. एखाद्या कमांडचं आउटपुट पाइपमधून रीडच्या लूपला द्या आणि शेलवर एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन, लावून बघा. पडद्यावर येतं: वाचलं, एक बाइट. वाचलं, एक बाइट. ओळ संपेपर्यंत प्रत्येक बाइटसाठी कर्नलकडे वेगळी खेप. बॅश हे हौसेने करत नाही. पाइपमधून एकदा घेतलेलं परत टाकता येत नाही, आणि पुढची ओळ कदाचित लूपमधल्या दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रॅमला हवी असेल. गरजेपेक्षा एक बाइट जरी जास्त उचलला तरी तो त्याच्या तोंडचा घास. म्हणून शेल कणाकणाने वाचतो. ऑकला ही काळजी नसते, तो मोठे घास घेतो. लाखो ओळींच्या लॉगवर ऑकची एक प्रोसेस उघडण्याचा खर्च कुठल्या कुठे विरघळतो.

वेग सोडा, उत्तरच चुकतं. मध्यंतरी एका शिकाऊ मुलीने लॉगमधल्या चुका मोजायची स्क्रिप्ट आणली. ओळी शोधून देणाऱ्या ग्रेपचं आउटपुट पाइपने व्हाइल लूपला, आत मोजणी, लूप संपल्यावर इको. उत्तर दर वेळी शून्य. तिने लूपच्या आत इको घातला तर आकडा छान चढत होता, 1, 2, 3, आणि बाहेर येताच पुन्हा शून्य. "ताई, व्हेरिएबल मध्येच पुसलं जातंय का?" पुसलं जात नव्हतं. बॅशमध्ये पाइपचा प्रत्येक तुकडा सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. मोजणी तिथे झाली आणि तिथेच संपली. झेडएसएच या दुसऱ्या शेलमध्ये तीच स्क्रिप्ट बरोबर उत्तर देते, कारण तिथे शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालतो. शिवाय रीडला 'वजा आर' दिलं नाही तर बॅकस्लॅश गिळले जातात, शब्द कुठे तोडायचे ते ठरवणारं आयएफएस व्हेरिएबल रिकामं ठेवलं नाही तर ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा जातात, आणि शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसेल तर लूप ती ओळच सोडून देतो. तिच्या कामाला ग्रेपचा मोजणीचा पर्याय पुरेसा होता.

"इको सगळीकडे सारखाच." नाही. बॅशचा इको नव्या ओळीची खूण, बॅकस्लॅश-एन, जशीच्या तशी छापतो, डॅश या आणखी एका शेलचा इको तिथे ओळ तोडतो. उबुंटूने 2006 मध्ये, 6.10 आवृत्तीपासून, एसएच, म्हणजे सिस्टिमच्या स्क्रिप्ट चालवणारं शेल, म्हणजे डॅश असं केलं, डेबियननेही पुढे तेच केलं. त्यामुळे टर्मिनलवर बॅशमध्ये तपासलेली ओळ क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं एसएचने चालवणारी सोय) गेली की वेगळी वागते. आणि व्हेरिएबलमध्ये योगायोगाने 'वजा एन' एवढंच असेल, तर बॅशचा इको काहीच छापत नाही. स्वतः लिहिलेला ठरलेला मजकूर असेल तर इको चालेल. बाहेरून आलेलं काहीही प्रिंटएफनेच छापा.

"विच सांगतं." बॅशमधून चालणारं विच सहसा बाहेरचा प्रोग्रॅम असतो. त्याला तुमच्या शेलच्या पोटातलं काय ठाऊक? इकोबद्दल विचारलं तर तो डिस्कवरच्या इकोचा पत्ता देईल, आणि चालेल मात्र बिल्टइन. टाइप ही बिल्टइन वापरा, तिला 'वजा ए' दिलंत तर सगळे पर्याय क्रमाने दिसतात.

बिल्टइनचा खरा मोठेपणा त्या मजकुरात आलेलाच नाही. प्रोग्रॅमला देता येणाऱ्या आर्ग्युमेंटच्या, म्हणजे कमांडपुढे लिहिलेल्या मजकुराच्या, लांबीची मर्यादा कर्नल नवा प्रोग्रॅम चढवताना लावतं. म्हणून लाखो फाइलींच्या डिरेक्टरीत 'आरएम तारा', म्हणजे सगळ्या फाइली पुसणं, अडतं, पण बिल्टइन प्रिंटएफला ती सगळी नावं देता येतात, आणि तिथून पाइपने एक्सआर्ग्जकडे. पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून दिला तर तो पीएसच्या, म्हणजे चालू प्रोसेसच्या, यादीत दिसू शकतो, बिल्टइनला दिला तर यादीत नवी प्रोसेसच नसते.

आणि एक रात्र. एका सर्व्हरवर कोणाची तरी स्क्रिप्ट पोरं काढत सुटली होती, त्या युजरची प्रोसेसची मर्यादा भरली. माझं त्याच युजरचं एक बॅश सेशन आधीपासून उघडं होतं, एवढीच जमेची बाजू. एलएस मारलं: फोर्क होत नाही. पीएस: फोर्क होत नाही. मग 'इको तारा' ने प्रॉक या डिरेक्टरीतले चालू प्रोसेसचे क्रमांक बघितले. फॉर लूप, रीड आणि रिडायरेक्शन, यातल्या कशालाच नवी प्रोसेस लागत नाही. प्रत्येक क्रमांकाच्या कॉम फाइलमधलं नाव वाचून छापलं, एकच नाव शेकड्याने आलं. त्यातल्या एकाच्या स्टेटस फाइलमधून आईचा क्रमांक काढला. प्रोसेस मारणारी किल बॅशमध्ये बिल्टइन आहे. आधी आईला, मग लूपने पोरांना. पुन्हा एलएस मारलं, फाइलींची यादी आली.