अक्षरं मोठी हवीत म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका

‘डोळे वाचवायचे असतील तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनची ही सेटिंग्ज आजच बदला’ अशा अर्थाचा सल्ला व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमधून फिरत असतो. शब्द बदलतात, कलमं साधारण तीच: अक्षरं मोठी दिसण्यासाठी रिझोल्यूशन (म्हणजे चित्रातल्या आडव्या आणि उभ्या ठिपक्यांची संख्या) १३६६×७६८ वर आणा, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस शंभरवर न्या, निळ्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा खराब होतो म्हणून नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय) दिवसभर चालू ठेवा, आणि वाचायचं ते डार्क मोडमध्येच, म्हणजे काळ्यावर पांढऱ्या अक्षरांतच वाचा. हा सल्ला मनापासून पाळतात ती बहुतेक साठीच्या पुढची माणसं. स्क्रीन धूसर होते आणि त्यांना वाटतं, आपलीच नजर अधू झाली.

पहिलं कलम सगळ्यात घातक. सपाट मॉनिटरचे पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे प्रकाशाचे बारीक चौकोन, कारखान्यातच ठरलेले असतात. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०. कॉम्प्युटरने १३६६×७६८ चं चित्र पाठवलं तरी मॉनिटरचे पिक्सेल तेवढेच राहतात. मग चित्रातला एकेक ठिपका आडवा आणि उभा सुमारे १.४ पिक्सेलवर पसरावा लागतो. अर्धामुर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून मॉनिटर शेजारच्या रंगांची सरासरी काढतो. अक्षर मोठं होतं खरं, पण त्याची कड विरघळते. विंडोजमधली क्लिअरटाइप ही सोय (विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये आली) प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षर रेखीव करते. रिझोल्यूशन बदललं की तिचाही हिशेब चुकतो.

मराठी वाचणाऱ्याला याचा फटका जास्त बसतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक दाखवण्यात शिरोरेषेतल्या छोट्या फटीचा मोठा वाटा असतो. ती फट बुजली की ‘भान’ ‘मान’ वाटतं आणि ‘धन’ ‘घन’. अनुस्वार, रफार, जोडाक्षराच्या पोटातली बारीक रेघ, हे सगळं एकदोन पिक्सेलांच्या जागेत उभं असतं. वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखतो, पण त्यासाठी डोळ्यांना सतत ताण द्यावा लागतो.

अक्षरं मोठी करायचा योग्य रस्ता याहून सोपा आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ असं लिहिलेलं असतं ते तसंच ठेवा आणि त्याच पानावरचं ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. आता अक्षर मोठं होतं ते मॉनिटरचे खरे पिक्सेल जास्त वापरून, म्हणून ते उलट जास्त रेखीव दिसतं. फक्त एखाद्या वेबसाइटवरच अक्षर बारीक असेल तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबा. क्रोम त्या साइटसाठी ते माप लक्षात ठेवतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की नेहमीचं माप परत येतं. टीव्हीला कॉम्प्युटर जोडल्यावर कडा कापल्या जातात म्हणूनही काही जण रिझोल्यूशन उतरवतात. तो दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या पिक्चर साइजचा असतो, तिथेच दुरुस्त करावा.

कॉन्ट्रास्ट शंभरवर नेला की बऱ्याच मॉनिटरांवर पांढऱ्याच्या जवळच्या छटा एकमेकींत मिसळतात. बँकेच्या साइटवरच्या तक्त्यातल्या फिकट राखाडी रेषा, फॉर्ममधल्या चौकटी पुसल्या जातात. आणि शार्पनेसचं बटण हरवलेला तपशील परत आणत नाही, अक्षराभोवती उजळ कड काढतं. दोन्ही कारखान्याच्या मूळ सेटिंगवर ठेवा. बदलायचा तो ब्राइटनेस, तोही खोलीतल्या उजेडाप्रमाणे. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा. स्क्रीनचा पांढरा रंग त्या कागदाइतपतच उजळ दिसला पाहिजे. दुपारी आणि रात्री हे माप वेगळं येणारच.

निळ्या प्रकाशाची भीती तर फारच पसरली आहे. स्क्रीनच्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते याला शास्त्रीय पुरावा नाही, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था स्पष्ट सांगते. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही साध्या चष्म्याच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं दिसलं नाही. स्क्रीनकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, आणि चुरचुरण्याचं मोठं कारण हेच असतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा. रात्री नाइट लाइट लावायला हरकत नाही. दिवसभर मात्र नको. वेबवरचे रंग दिवसाच्या उजेडासारखा पांढरा (तांत्रिक भाषेत ६५०० केल्विनचा) गृहीत धरून ठरवलेले असतात. स्क्रीन पिवळी ठेवून ऑनलाइन साडी निवडलीत तर घरी येणारा रंग वेगळा निघेल.

डार्क मोड सर्वांना सोयीचा नसतो. काळ्या पार्श्वभूमीकडे पाहताना डोळ्याची बाहुली मोठी होते आणि मोठ्या बाहुलीतून डोळ्यातले दोष जास्त जाणवतात. चष्म्याला सिलिंडरचा नंबर (ॲस्टिग्मॅटिझम) असलेल्यांना पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात ती यामुळेच. उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षर बहुतेकांना अधिक स्पष्ट वाचता येतं. मोतीबिंदूमुळे ज्यांना पांढऱ्या स्क्रीनची तिरीप सहन होत नाही, त्यांना मात्र डार्क मोडचा खरा उपयोग होतो, आणि त्यांनी तो जरूर वापरावा.