पिल्लाचं पाणी तोडू नका

सोमवारी रात्री जुळे सोलापुरातून धाकट्या बहिणीचा फोन आला. अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू, सकाळपासून पाच उलट्या, संध्याकाळी रक्ताची हगवण. डॉक्टरकडे नेलंस का विचारलं तर म्हणाली, "ताई, ग्रुपवर आलंय की, दोन दिवस काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा. उष्णता असते, आपोआप उतरते." तिने तो मेसेज मला पाठवला. त्यानंतर दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन जणांकडून आला, म्हणून हे लिहायला बसले.

त्यात चार गोष्टी आहेत. उलटी म्हणजे पोट साफ होणं, तेव्हा दोन दिवस अन्नपाणी बंद. रक्त पडलं तर उष्णता, सब्जाचं पाणी पाजा. लसूण-हळदीची गोळी द्या. आणि गावठी कुत्र्याला पार्वो (उलट्या आणि रक्ताची हगवण लावणारा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) होत नाही, लशीचे पैसे वाचवा. एका ओळीत पाणी बंद, पुढच्याच ओळीत सब्जाचं पाणी! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा परत वाचलेला नाही.

उपाशी ठेवण्याबद्दल एवढंच मान्य करते की मोठं, धडधाकट कुत्रं गवत खाऊन एखादी उलटी करतं आणि एखादं जेवण चुकलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पण पिल्लू म्हणजे लहान आकाराचं मोठं कुत्रं नव्हे. त्याच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो. काही तास पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटतं, झटके येतात. उलटी-जुलाबाने पाणी आधीच जात असतं, त्यात प्यायचंही बंद केलं तर दोन दिवस लागतच नाहीत. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या, तर सकाळची वाट बघू नका.

याच प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाचा 2003 साली छापून आलेला अभ्यास आहे. पार्वोने गंभीर आजारी असलेल्या 30 कुत्र्यांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं, दुसऱ्याला दाखल केल्यावर 12 तासांनी नाकातल्या नळीतून अन्न सुरू केलं. सलाईन आणि औषधं दोन्हींकडे होती. अन्न मिळालेली कुत्री साधारण एक दिवस आधी सावरली, त्यांचं वजनही वाढलं. म्हणजे दवाखान्यातही उपास तोट्याचा ठरला, मग घरी सलाईनशिवाय तो कशासाठी? मात्र हे वाचून कुणी तोंडात पेज ओतू नये. उलटी करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीने काही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. नळी घालायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

उष्णतेचं काय सांगू! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घोळणा फुटला की उष्णता, डोळे आले की उष्णता. पार्वो हा विषाणू आहे. आतड्याच्या अस्तरातल्या नव्याने तयार होणाऱ्या पेशी तो मारतो, अस्तर सोलवटतं आणि तिथून रक्त येतं. पांढऱ्या पेशीही घटतात, मग आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. सब्जा यातलं काहीही थांबवत नाही. जंतांनीही रक्त पडतं, पण ते शी तपासल्यावर कळतं, घरी बसून नाही.

लसूण देऊच नका, कांदाही नको. दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

गावठीला पार्वो होत नाही, हे कुठून आलं ते कळतं. डॉबरमन, रॉटवायलरमध्ये तो जास्त तीव्र होतो, हे खरं आहे. म्हणून गावठी सुटतात असं नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची सोळा आठवडे पुरे झाल्यावर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही, म्हणून एकावर भागत नाही.

बहिणीचं पिल्लू आज चौथ्या दिवशीही सलाईनवर आहे. दुपारी त्याने पहिल्यांदा स्वतःहून दोन घास चाटले. तिला आज फोनवर फरशीचं सांगितलं: फिनाईलवर विसंबू नकोस, त्याने हा विषाणू मरेलच असं नाही. आधी घाण पुसून घे, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेव. मातीत तो कित्येक महिने टिकतो आणि शेजारच्या बोळात दीड महिन्याची तीन पिल्लं आहेत. त्यांना अंगणात येऊ देऊ नकोस, आणि रविवारी त्यांच्या लशीसाठी मी येतेय.